कळमेश्वरकडची बाई

रविवारच्या पुरवणीत छापून आलं की मी नाहीच. मेले असं नव्हे. मुळात कधी जन्मलेच नव्हते, असं. लिहिणाऱ्याला माझं नाव ठाऊक नव्हतं. वाचून दाखवणाऱ्यांना ते लग्नापासून ठाऊक आहे, पण त्यांचं सगळं लक्ष चहात बुडवलेल्या टोस्टाकडे. तो मोडून कपात पडायच्या आत तोंडात गेला पाहिजे, ही कसरत आमचे हे रिटायर झाल्यापासून रोज सकाळी करतात आणि रोज हरतात. “आइक वं,” ते म्हणाले, “त्या मोहरीलनं तुह्या दीपालीच्या पिक्चरची काय धुलाई केली! मस्त लिहिते बुवा हा माणूस.” आणि चष्मा सरकवून त्यांनी कारखान्यातली नोटीस वाचावी तसं, सावकाश वाचलं: “‘मेढा’ पाहताना प्रश्न पडतो की ही स्त्री कुठली? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पळसाची फांदी गावाबाहेर टाकताना, तापा-खोकल्याच्या जोडीने स्वतःच्या नवऱ्याचं नाव घेऊन ‘याला घेऊन जा’ असं मारबतीला सांगणारी बाई मला उभ्या हयातीत विदर्भात भेटलेली नाही. ती या मातीतली नाही, दिग्दर्शिकेच्या लॅपटॉपमधली आहे. कोणाला भेटली असल्यास त्यांनी अवश्य दाखवावी.” टोस्ट तुटला. “बरोबरच तर आहे,” ते चमच्याने कपाचा तळ ढवळत म्हणाले, “आपल्याकडं बाया अशा नाही राहत.”

मी ओट्याशी उभी होते. दूध वर येत होतं, ते बारीक केलं. ती बाई मी आहे. मोहरील म्हणतो ती, भेटली असल्यास दाखवावी अशी, ती त्या घटकेला सक्करदऱ्यात एका स्वयंपाकघरात उभी राहून दुधावर फुंकर घालत होती. पोळ्याला दाराशी पळसाच्या फांद्या लावायच्या, त्यांना मेढे म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी फटफटायच्या आत त्या उचलून वस्तीबाहेर नेऊन टाकायच्या आणि ओरडायचं, खोकला घेऊन जा, ताप घेऊन जा, माशा-मुरकुटं घेऊन जा गे मारबत. शहरात त्या दिवशी मारबतीचे, सगळी पीडा घेऊन जाणारीचे, घराएवढे पुतळे निघतात, ढोल, ताशे, टीव्हीवाले, गर्दीत पाकीटमार. पण वस्तीतल्या बायांची मारबत म्हणजे हातातली फांदी. त्या फांदीवर मी एकदा एक माणूस चढवला होता. तो माणूस आता बशीत सांडलेला चहा सुरकन ओढत होता आणि पुढचं वाचत होता: “‘स्त्रियांना दुःखं असतात, पण ती अशी ओरडत नाहीत.’ वा. काय वाक्य आहे!”

मोहरीलला ती बाई भेटली नाही म्हणे. भेटणार कशी? त्याच्या घरातली बाई चहाचा ट्रे ठेवून आत जाते तेव्हा ती आपल्याला भेटली असं तो समजत असणार. मी मनातल्या मनात त्याला उत्तर लिहू लागले, अहो दुर्गेशराव मोहरील, तुम्ही लिहिलंत की चूल सारवून झाल्यावर तिघी जावा खाली बसून पातेल्याला लागलेली खरवड न बोलता खातात तो प्रसंग लांबला. लांबला कारण ती भूक लांबली होती. तुम्हाला इंटरव्हलची घाई असेल. तुम्ही लिहिलंत की पुरुषांना चेहराच दिलेला नाही, नुसत्या पाठी दिसतात. आम्हाला त्या पाठीच दिसायच्या, भाऊ. बसमध्ये चढताना, आंघोळीला बसताना, भिंतीकडे वळून झोपताना. आणि खरंच खोट काढायची होती तर मला विचारायचं होतं. मी एक काढून दिली असती. सिनेमातली बाई उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभी राहते, मागे बासरी वाजते आणि ती नवऱ्याचं नाव स्पष्ट, टपकन उच्चारते, जणू बँकेतून हाक आली. तिथे मला ती परकी वाटली. तिच्या तोंडाला ते नाव फार सवयीचं होतं. पण एवढी बारीक खोट काढायला आत काहीतरी खुपावं लागतं, आणि हे तर त्या वेळी टॉकीजच्या थंडाव्यात माझ्या खांद्यावर मान टाकून घोरत होते. नेमक्या त्याच प्रसंगाला. मी त्यांना उठवलं नाही. लाळ पदराला पुसली.

आता माझ्याविषयीही सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सक्करदऱ्यात मला थापाडी म्हणतात. प्रेमाने म्हणतात, पण म्हणतात. इथल्या तलावात एक मगर होती आणि ती कंपनीच्या बसमधून उतरणाऱ्या कामगारांचे डबे गिळायची आणि सकाळी घासूनपुसून काठावर ओळीने लावून ठेवायची, ज्याच्या बायकोने भाजीत मीठ विसरलं असेल त्याचा तेवढा डबा ठेवून घ्यायची, ही थाप माझी. माझ्या सासूबाईंच्या घोरण्याने आमची कौलं सरकत सरकत शेजाऱ्यांच्या छपरावर गेली आणि शेजाऱ्यांनी ती परत द्यायला साफ नकार दिला, ही माझी. कळमेश्वरकडे माझ्या माहेरच्या बागेत एक संत्रं इतकं वाढलं की त्याच्या सालीत आम्ही वऱ्हाडी उतरवले, हीसुद्धा. लहान मुलं घरी येऊन विचारतात, आजी, मगर मेली काय, आणि मी सांगते, नाही रे, तिची बदली झाली. लग्नाघरी मला खास बोलावणं असतं. हे कौतुकाने मिरवतात, “आमची इतकं फेकते ना गा, तोंड दुखत नाही तिचं.” ही विद्या मी माहेरून आणलेली नव्हती. माहेरी मी मुकी होते म्हटलं तरी चालेल.

वैशाख होता. आम्ही तेव्हा हिंगण्याकडे राहायचो, कारखान्याला लागून उठलेल्या वस्तीत, टिनाच्या छपराखाली. दुपारी ते टिन असं तडतडायचं की वर कोणी फुटाणे भाजतंय. मला सातवा सरत आलेला. सकाळपासून कंबर आतून कोणी पिळावी तशी पिळत होती, थांबत होती, परत पिळत होती. मी सांगितलं. मोठ्याने नाही, पण सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, “सकाळी तं गहू निवडून राहिली होती, तवा नाही दुखलं?” हे दुपारपाळीला निघालेले, शर्टाची बटनं लावत. दारात थांबले. माझ्याकडे पाहिलं. नीट पाहिलं, हेच मला अजून जास्त लागतं, घाईत पाहिलं असतं तर एक वेळ. आणि आईकडे वळून म्हणाले, “नाटक करून राहिली. माहेरी जायचं असंन.” रागाने नाही, हसूनच. बसचा भोंगा वाजला आणि ती पाठ गेली. पाळी संपवून परतले तोवर सगळं आटोपलं होतं. मुलगी होती. रडली नाही. शेजारच्या रंभाबाईने तिला जुन्या लुगड्यात गुंडाळलं तेव्हा सासूबाई माझ्या उशाशी बसून म्हणाल्या, “आधी सांगायचं नाही काय वं पोरी?”

त्यावर मी काय बोलले ते आठवत नाही. बोलले नसेनच. पण त्यानंतर कधीतरी, रंभाबाईच्या ओसरीवर बसलेल्या बायांना मी, डोक्यावर टिन असताना, सासूबाईंच्या घोरण्याने सरकलेल्या कौलांची गोष्ट सांगितली आणि त्या हसून हसून लोळल्या, आणि माझ्या ध्यानात आलं की मी बोलत असताना पहिल्यांदा कोणी मधे तोडलं नाही. कंबर दुखते म्हटलं तर माझ्या तोंडाकडे पाहून खरंखोटं करतात, कौलं चालत गेली म्हटलं तर कान देऊन ऐकतात. मग मी कौलंच चालवली. वर्षानुवर्षं चालवली. पुढे आमचा मुलगा अश्विन झाला, मोठा झाला, पुण्याला गेला. सक्करदऱ्याला घर झालं. सासूबाई माझ्याच मांडीवर गेल्या. ह्यांनी कधी हात उचलला नाही, दारू नाही, सणाला संत्रा बर्फीचा डबा न चुकता आणला. आता त्यांना वाकता येत नाही म्हणून त्यांच्या पायाची नखं मी कापते. वाईट माणूस असता तर हिशोब सोपा होता.

मुलगी गेली त्याच वर्षीचा पोळा. पहाटे बाया फांद्या घेऊन पुढे निघाल्या, मी मागे. नाल्यापाशी थांबून सगळ्या कोकलायला लागल्या, कोणी दमा दिला, कोणी नायटा, एकीने घरातला उंदीर दिला. मी फांदी धरून उभी. मला नाव घ्यायचं होतं आणि माझ्या तोंडाला ते नाव माहीतच नव्हतं. लग्नात एकदा उखाण्यात घेतलेलं, तेही सासूबाईंनी दंडाला चिमटा काढल्यावर. त्यानंतर रेशनच्या रांगेत दुकानदाराने मालकाचं नाव विचारलं की मी शेजारणीकडे पाहायची आणि ती सांगायची. अशीच रीत होती, नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं. म्हणून तर घ्यायचं होतं. ओठ जुळवले तर नुसती हवा आली. परत जुळवले. घशात काहीतरी खरवडून निघालं आणि मग ते नाव बाहेर पडलं, इतकं लहान, इतकं ओलं, की मला वाटलं हे नाव नाही, हे दुसरंच काही आहे जे वैशाखात राहून गेलं होतं. घेऊन जा, मी म्हटलं. कोणी ऐकलं नाही, सगळ्या माशांच्या मागे लागल्या होत्या. फांदी भिरकावली. मागे वळून पाहायचं नसतं, मी पाहिलं. ती नाल्यात पडलीच नव्हती, काठच्या बेशरमीच्या झुडपात अडकून बसली होती. घरी आले तर हे अंगणात दात घासत होते. “चहा ठेव वं,” म्हणाले. मारबतीलाही तो माणूस नको होता, असं मी नंतर स्वतःला गमतीने सांगायची. पण त्या सकाळी गंमत नव्हती. त्या सकाळी मी चहा ठेवला आणि साखर टाकताना माझा हात थरथरला नाही, त्याची मला भीती वाटली.

ही गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती. दीपाली दोनेक वर्षांपूर्वी फोनचं रेकॉर्डिंग लावून माझ्यासमोर बसली, आमच्या मागच्या गल्लीतली पोरगी, लहानपणी माझ्या मगरीच्या धाकाने शाळेत जाताना तलावाची वाट सोडून पलीकडून फिरून जायची ती. बायांच्या गोष्टी गोळा करून राहिली म्हणाली. मी तिला संत्रं दिलं, कौलं दिली. ती हसली, मग फोन बंद करायला हात पुढे केला, आणि का कोण जाणे मी म्हटलं, थांब, कळमेश्वरकडे एक बाई होती. एवढीच एक सांगितली जिच्यात मी काही वाढवलं नव्हतं. कमीच केलं होतं. वैशाख काढून टाकला होता. पोरीने बरोब्बर तीच उचलली. टॉकीजच्या अंधारात ती बाई पडद्यावर चालत आली तेव्हा मला वाटलं, चला, कोणीतरी माझं खरं मानलं.

त्या रविवारी दुपारीच दीपाली आली. डोळे सुजलेले. हे समोर पलंगावर आडवे होते, म्हणून आम्ही मागे मोरीपाशी बसलो.

“वाचलं काय आजी?”

“वाचून दाखवलं मले. दोनदा.”

“टॉकीजवाल्याले फोन येऊन राहिले, आमच्या सणाची बदनामी काहून करता म्हणून. विक्कीदादा म्हणते तो सीन कापून टाक.” विक्की म्हणजे तिचा मावसभाऊ, लग्नाचे हॉल चालवतो, सिनेमा त्याच्याच जोरावर उभा राहिलेला. “तो सीन कापला तं पिक्चरमध्ये उरते काय, सांगा? शनिवारी वाचनालयात चर्चा ठेवली आहे. मोहरील सर येणार आहेत. त्यांनी फोनवर कबूल केलं, सर्वांसमोर एक अशी बाई दाखव, मी शब्द मागे घेतो.” ती जरा थांबली. “आजी, ती कळमेश्वरकडची बाई जिवंत आहे काय?”

“आहे.”

“येईन ती?”

“आणीन मी तिले.”

तिचा चेहरा उजळला, आणि लगेच त्यावरून एक सावली गेली. “खरी आहे ना? म्हणजे… मगरीसारखी नाही ना?”

“मगरीची तं बदली झाली,” मी म्हटलं. ती हसली. मीही. असं हसताना माझ्या तोंडाला काय चव येते ते कोणाला सांगून कळायचं नाही.

तो आठवडा मी घरात चोरासारखी वावरले. ह्यांची मान पाहायची, मानेवरचे पांढरे केस, कानामागची ती मऊ जागा. ही मान एकदा मी देऊन टाकली होती, आणि शनिवारी हे त्यांना कळणार होतं, तेही चारचौघांत. त्यांना येऊ नका म्हणायला हवं होतं. जीभ वळेना. त्यांना ऐकवायचंच होतं मला, हे मला बुधवारी भांडी घासताना कळलं आणि हातातला तांब्या निसटला. “काय पाडलं वं?” ते आतून ओरडले. पाडलं नाही, पडलं, मी म्हटलं. शुक्रवारी तेच म्हणाले, “मीबी येतो उद्या. त्या मोहरीलले पाहायचं आहे मले. आणि ती कळमेश्वरची कोण आणून राहिली तू? मले तं कधी दिसली नाही ती.” “तुमी ड्युटीवर होते,” मी म्हटलं.

वाचनालयाच्या हॉलमध्ये कूलर धडधडत होता आणि पुढच्या रांगेत बसलेल्यांच्या टोप्या, कागद, पदर सगळं उडत होतं. मोहरील मला वाटला होता तसा निघाला नाही. राक्षसासारखा दिसला असता तर बरं झालं असतं. गोरा, थकलेला, आवाज मऊ. मी आत येताना उठून खुर्ची दिली त्याने. बोलायला लागला तर म्हणाला, मी स्त्रियांच्या दुःखाचा आदर करतो, माझ्या आईचं आयुष्य मी पाहिलेलं आहे, म्हणूनच दुःखाची नक्कल मला सहन होत नाही. आई पाहिली म्हणे. मी त्याच्या आईचा विचार केला, ती पोळ्याच्या पहाटे काय पुटपुटत असेल कोणास ठाऊक. दीपाली उठली, म्हणाली, सर, ती बाई आज इथं येणार आहे, आणि तिने दाराकडे पाहिलं. सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. दारात चहावाला होता. मी खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिले.

“आजी, मगर आणली काय?” मागून कोणीतरी ओरडलं आणि अर्धा हॉल फिस्कन हसला. सगळे आमच्याच भागातले; ज्यांनी ज्यांनी मला ऐकलं होतं ते सावरून बसले, एकीने शेजारणीला कोपराने ढोसलं.

“ती बाई मी आहे,” मी म्हटलं.

छप्पर उडालं. इतकं हसले लोक. मी थांबले, हसू ओसरू दिलं. आणि तिथेच माझा घात झाला, कारण हसू ओसरू द्यायला मी शिकलेली आहे, ते ओसरून नेमकं कुठे आल्यावर पुढचं वाक्य टाकायचं हे माझ्या जिभेला पाठ आहे. मी सांगू लागले. काही वाढवत नव्हते, देवाशपथ, नाला होता तो नाला, फांदी होती ती फांदी, कोणी उंदीर दिला ते खरंच दिला होता. पण उंदरावर ते हसले, आणि माझा स्वर आपोआप वर चढला, हात आपोआप हवेत गेला. खरं सांगायची वेगळी जीभ असते आणि ती माझ्याकडे उरलेली नव्हती. जुन्या जिभेनेच सांगावं लागत होतं. “मग म्या त्याहिचं नाव घेतलं,” मी म्हटलं.

“घ्या ना मग! उखाणा घ्या आजी!”

“उखाणा! उखाणा!”

मी नाव घेतलं. आयुष्यात तिसऱ्यांदा. उखाण्याशिवाय, नुसतं. हॉलमध्ये शिट्टी वाजली. इथे लिहीत नाही, सवय. “लहानूजी, वाचले गा तुमी थोडक्यात!” शेजारच्या खुर्चीवरच्याने आमच्या ह्यांच्या पाठीवर थाप मारली आणि हे हसत होते, सगळ्यांत मोठ्याने, गुडघ्यावर हात आपटत, डोळ्यांतून पाणी. बेशरमीत अडकलेल्या फांदीवर तर टाळ्या पडल्या. मी म्हटलं, “हासू नका. खरं आहे हे.”

“हेच!” मोहरील खुर्चीतून उठलाच. “ही शेवटची ओळ! याला म्हणतात कथन. दीपाली, हे तुझ्या सिनेमात हवं होतं, हा खट्याळपणा. मी शब्द मागे घेतो. हा प्रसंग वास्तव म्हणून खोटा आहे, पण लोकांची कल्पना म्हणून अस्सल सोनं आहे. कापू नकोस तो. फक्त आधी एक पाटी टाक, की हा प्रसंग पूर्णपणे काल्पनिक आहे. काय आजी, चालेल ना?” विक्की मागच्या भिंतीशी उभा होता, त्याने दोन्ही अंगठे वर केले. कोणीतरी माझ्या हातात गुच्छ दिला. चालेल, असं माझ्या तोंडून गेलं असावं, कारण सगळे परत टाळ्या वाजवायला लागले.

बाहेर स्कूटरच्या गर्दीत दीपालीने मला मिठी मारली. “आजी, सीन वाचवला तुमी! ती बाई नाही आली तं नाही आली, काही नाही. काय फेकली तुमी! मले तं वाटलं खरंच तुमीच आहे.”

“वाटलं?”

“एक सेकंद,” ती हसत म्हणाली, आणि मोहरीलला सोडायला गाडीकडे पळाली. मला तिचा राग आला नाही. तिचा सिनेमा वाचला होता, शब्द न् शब्द, चौकट न् चौकट. आणि माझी एकच खरी गोष्ट आता पाटी लावून, अधिकृत शिक्का मारून खोटी झाली होती, सिनेमा लागेल तिथे तिथे, दर खेळाला. मोहरील पुरवणीत लिहिताना निदान शंकेला जागा ठेवून होता, भेटली असल्यास दाखवावी. मी ती जागाही बुजवून आले. स्वतःच्या पायाने चालत जाऊन.

ऑटोत हे बाहेर पाहत बसले. मला वाटलं हसून थकले. उड्डाणपुलाखालच्या सिग्नलला एका पोराने गजरे पुढे केले, एरवी त्याला पिटाळतात, आज पिटाळलं नाही. दिवेलागण झालेली. घरी आल्यावर दिवाणावर बसले, एक चप्पल काढली आणि दुसरी तशीच पायात ठेवून जमिनीकडे पाहत राहिले. मी गुच्छ कुठे ठेवावा ते पाहत होते.

“तवा आपण हिंगण्याले होतो,” ते म्हणाले.

मी हॉलमध्ये हिंगणा म्हटलं नव्हतं. साल सांगितलं नव्हतं. नाला म्हटलं होतं, नुसता नाला. विदर्भात नाले काय कमी आहेत. त्यांनी तो ओळखला होता. त्यावरून ते मागे मागे चालत गेले होते, पोळ्यावरून आषाढात, आषाढावरून वैशाखात, टाळ्या वाजत असताना, की ऑटोत, मला माहीत नाही.

“सुभद्रा,” ते म्हणाले. “त्या दिवशी… खरंच दुखत होतं काय वं तुले?”

अख्ख्या हॉलमध्ये एका माणसाला पटलं होतं की ती बाई मी आहे, तो हा माणूस. आणि त्यालाही कंबर खरी होती की नाही ते अजून विचारून घ्यावं लागत होतं. इतकी वर्षं मला वाटायचं की हे कधी विचारलं तर मी रडेन, नाहीतर हातात असेल ते फेकून मारेन. हातात गुच्छ होता, प्लास्टिकात गुंडाळलेला, त्याचा आवाज होत होता. ते मान वर करून माझ्या तोंडाकडे पाहत होते, नीट, खरंखोटं करत.

“भात टाकायचा आहे,” मी म्हटलं.

“बस वं थोडी.” त्यांनी शेजारची जागा हाताने झटकली, तिथे काहीच नव्हतं तरी. परत झटकली. “बस ना.”

मी तांदूळ धुवायला आत गेले.